मुलीचे कोंदलेले दात: चार उपदाढा काढून तारा, की दात न काढता अलायनर?

अजिंक्यतारा (प्रश्न)

माझी मुलगी सातवीत शिकते आणि तिला तेरावे वर्ष चालू आहे. तिचे वरचे दोन्ही सुळे ओळीबाहेर, हिरडीत उंचावर उगवले आहेत, खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले आहेत आणि वरचे पुढचे दात थोडे पुढे झुकलेले आहेत. सुळ्यामागच्या खाचेत ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे तिथे अन्न अडकते, हिरडी लालसर राहते आणि दात घासताना रक्त येते. दिसण्याबद्दल ती स्वतः फारसे बोलत नाही, पण वर्गाचा फोटो काढताना ओठ मिटून उभी राहते.

आम्ही साताऱ्यात एका आणि पुण्यात एका अशा दोन ऑर्थोडॉन्टिस्टना (वाकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञांना) दाखवले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी दोन एक्स-रे काढले, साच्यात लगदा भरून दातांचे माप घेतले आणि सांगितले की चारही बाजूंच्या पहिल्या उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात) काढून धातूच्या ब्रेसेस, म्हणजे तारा, लावाव्या लागतील, सुमारे दोन वर्षे लागतील. पुण्यात जाडसर पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवला, थोड्याच वेळात मुलीचे दात पडद्यावर उभे राहिले आणि ते हळूहळू सरळ होत जातानाचे चलचित्रही आम्हाला दाखवले. त्यांचे म्हणणे असे की एकही दात न काढता, दातांची कमान थोडी रुंद करून आणि दातांच्या बाजू किंचित घासून, पारदर्शक अलायनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या खोळींनी, काम होईल. तिथला खर्च पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. पैशांची तजवीज करता येईल, पण हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, ते समजल्याशिवाय निर्णय घेववत नाही.

घरातही एकमत नाही. वरचे दात काढले की नजर अधू होते, असे सासूबाईंचे ठाम मत आहे, आणि चांगले, न किडलेले दात उपटून टाकणे मुलीच्या बाबांना पटत नाही. नव्या तंत्रामुळे दात काढण्याची गरज खरोखरच संपली आहे का? आणि दोन शिकलेली माणसे एकाच तोंडाबद्दल इतके वेगळे कसे सांगू शकतात?

रंकाळाकाठी

मी कोल्हापुरात ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून व्यवसाय करतो. मुलीला तपासल्याशिवाय दोघांपैकी कोण बरोबर हे मी सांगणार नाही, आणि दुसरे कोणी इथे सांगू लागले तर त्यावर विसंबू नका. मात्र दोन्ही सल्ले शेजारी ठेवून कसे तपासावेत, हे सांगता येईल.

सासूबाईंचा प्रश्न आधी संपवू, कारण तो सोपा आहे. वरच्या दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी मज्जातंतूची शाखा वेगळी आणि डोळ्यांनी पाहिलेले मेंदूकडे नेणारी नस वेगळी; दात काढल्याने दृष्टीवर परिणाम होत नाही. ज्या वयात लोकांचे दात पडत, त्याच वयात मोतीबिंदूही होई, त्यावरून ही समजूत रुजली असावी असा माझा अंदाज आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्न एकाच पुडीत बांधून आले आहेत. दातांना ओळीत बसवायला जागा कुठून आणायची हा पहिला, आणि दात हलवायला साधन कोणते वापरायचे हा दुसरा. दात काढूनही अलायनर वापरता येतात आणि दात न काढताही तारा लावता येतात. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिलिमीटरमध्ये असते. सगळ्या दातांच्या रुंदीची बेरीज करायची, हाडाच्या कमानीवर उपलब्ध असलेली लांबी मोजायची आणि फरक काढायचा. ही तूट चार मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दात काढण्याची वेळ क्वचितच येते; दहा किंवा त्याहून अधिक असेल तर बहुधा येते; मधल्या पट्ट्यात मात्र ओठांची ठेवण, हिरडीची जाडी, दातांचा कल, जबड्यांचा परस्परसंबंध अशा अनेक गोष्टी पाहून ठरवावे लागते. पहिली उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दोन काढल्या की एका जबड्यात सुमारे चौदा मिलिमीटर जागा मोकळी होते. तूट पाचच मिलिमीटर असेल तर उरलेल्या जागेत पुढचे दात मागे घेतले जातात. ओठ पुढे आलेले असतील तर ते हवेच असते, आणि ओठ आधीच सपाट असतील तर चेहरा आणखी बसका दिसण्याची भीती असते. दात न काढता जागा मिळवायची तर कमान रुंद करणे, पुढचे दात आणखी पुढे झुकवणे, दाढा मागे सरकवणे किंवा दोन दातांमधल्या इनॅमलचा (दाताच्या कठीण आवरणाचा) पातळ थर घासणे, एवढेच मार्ग उरतात. यांतल्या प्रत्येकाला मर्यादा आहे आणि ती हाड घालून देते. दाताचे मूळ हाडाच्या भिंतीबाहेर ढकलले गेले तर दात सरळ दिसतो, पण त्याच्यासमोरची हिरडी काही वर्षांत खाली सरकू लागते. खालच्या दोन सुळ्यांमधले अंतर वाढवून मिळवलेली जागा तर फार टिकत नाही, हा आमच्या शास्त्रातला जुना आणि वारंवार आलेला अनुभव आहे.

दोन डॉक्टरांचे मत वेगळे का पडते, याचे उत्तर काही अंशी आमच्या विषयाच्या इतिहासात आहे. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वेड्यावाकड्या दातांची जी वर्गवारी केली, ती आम्ही आजही वापरतो. निसर्गाने दिलेले सगळे दात राखूनच उत्तम चावा (वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसणे) साधता येतो, अशी त्याची जवळजवळ धर्मश्रद्धा होती. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने दात न काढता सरळ केलेले आपलेच रुग्ण पुन्हा तपासले, अनेकांचे दात परत वाकडे झालेले पाहिले, आणि उपदाढा काढून त्यांच्यावर पुन्हा उपचार केले. त्यानंतर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यातील नोंदी सांगतात की तिथे १९५३ साली सुमारे ३० टक्के रुग्णांचे दात काढले जात, १९६८ साली ७६ टक्के आणि १९९३ साली पुन्हा २८ टक्के. चाळीस वर्षांत माणसांचे जबडे बदलले नव्हते, मते बदलली होती. आजही सीमारेषेवरच्या रुग्णांबाबत दोन प्रामाणिक डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते, आणि त्यामागे दरवेळी पैसाच असतो असे नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत वय ही महत्त्वाची बाब आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये जबड्यांबरोबर मानेचे मणकेही दिसतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या खालच्या कडा लहानपणी सपाट असतात आणि वाढीचा जोर जसजसा येऊन ओसरतो तसतशा त्या खोलगट होत जातात. त्यावरून जबड्याची वाढ किती शिल्लक आहे याचा अंदाज बांधता येतो. मुलींमध्ये वाढीचा जोर साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास असतो, मुलांमध्ये दोनेक वर्षे उशिरा, आणि पाळी सुरू होते ती सहसा हा जोर ओसरू लागल्यावर. मुलीची पाळी सुरू झाली असेल तर डॉक्टरांना तसे जरूर सांगा. वरचे दात पुढे दिसण्याचे कारण खालचा जबडा मागे असणे हे असेल, तर ट्विन ब्लॉकसारख्या काढता-घालता येणाऱ्या साधनांचा उपयोग या वाढीच्या काळातच होतो. विल्यम क्लार्क या स्कॉटिश दंतवैद्याने ते १९७७ साली प्रथम वापरले. वय निघून गेल्यावर त्याच दोषासाठी एक तर दात हलवून तडजोड करावी लागते किंवा जबड्याची शस्त्रक्रिया.

कमान रुंद करण्याबद्दलही एक प्रश्न विचारा. टाळूच्या मधोमध हाडाचा सांधा असतो आणि या वयात तो बहुधा पक्का जुळलेला नसतो. टाळूवर बसवलेल्या स्क्रूच्या साधनाने तो उघडून वरचा जबडाच रुंद करता येतो. अलायनरने होणारे रुंदीकरण प्रामुख्याने दातांचे असते, दाढा बाहेरच्या बाजूला कलतात. पुण्याच्या डॉक्टरांना यांपैकी काय अभिप्रेत आहे?

चलचित्राबद्दल शेवटचे. ते भाकीत नसते, ती डॉक्टरांनी आखलेली योजना असते. इन्व्हिजलाइन या अलायनरच्या आखलेल्या हालचालींपैकी प्रत्यक्षात किती साधल्या, हे मोजणाऱ्या २००९ सालच्या एका अभ्यासात सरासरी ४१ टक्के अचूकता आढळली होती. त्याच गटाने २०२० साली पुन्हा मोजले तेव्हा ती ५० टक्के होती. म्हणूनच मधे पुन्हा स्कॅन करून अलायनरचे पुढचे संच मागवावे लागतात. उंचावरचा सुळा खाली ओढणे आणि गोलसर दात फिरवणे ही या साधनाची कमकुवत बाजू आहे, आणि तुमच्या मुलीला नेमके तेच हवे आहे.

भट्टीवाला

मी धातुशास्त्राचा निवृत्त अभियंता आहे, दातांतले मला कळत नाही. पण नव्या तंत्राबद्दल विचारले आहे आणि त्यातला मोठा वाटा आमच्या शाखेचा आहे, म्हणून लिहितो.

पूर्वी प्रत्येक दाताभोवती पोलादी पट्टी आवळून बसवावी लागे. मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ साली आम्लाने इनॅमल खरबरीत करून त्यावर राळ पक्की चिकटवता येते हे दाखवले, आणि त्यातून पुढे दाताच्या पुढच्या बाजूला फक्त एक छोटा चौकोन डकवण्याची पद्धत आली. आज ज्याला ब्रेसेस म्हणतात त्याचे रूप त्यामुळे बदलले.

दुसरा बदल तारेचा. पोलादाची तार ताठ असते. फार वाकडा दात पकडायचा तर डॉक्टरला तिच्यात चिमट्याने अनेक वळसे घालावे लागत आणि तरीही पहिल्या काही दिवसांत जोर जास्त पडून नंतर तो झपाट्याने उतरे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रिएसन यांनी दातांसाठी आणला. या तारेला कितीही वाकवले तरी ती आपल्या मूळ कमानीच्या आकाराकडे परत येते आणि येताना जवळपास एकसारखा, सौम्य जोर देत राहते. तिचे काही प्रकार तोंडाच्या तापमानाला जागे होतात. थंड फवारा मारून डॉक्टर ती मऊ करतात, वाकड्या दाताला अडकवतात, आणि तोंडातल्या उबेने ती ताठ होऊ लागते. बर्फाचे पाणी प्याल्यावर थोडा वेळ ओढ कमी झाल्यासारखी वाटते, ती याचमुळे.

अलायनरचा कारखानाही समजून घेण्यासारखा आहे. स्कॅनवरून दातांच्या प्रत्येक टप्प्याचा साचा त्रिमितीय छपाईने तयार होतो, त्यावर गरम केलेला प्लास्टिकचा पत्रा ओढून अलायनर घडवतात आणि साचा फेकून देतात. एका माणसाचे दात सरळ करताना किती प्लास्टिक कचऱ्यात जाते, याचा विचार कोणी करत नाही. एक अलायनर दात साधारण पाव मिलिमीटरच हलवतो. या प्लास्टिकचा ताण काही दिवसांत ढिला पडतो, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा घालावा लागतो. आता साचा टाळून अलायनरच थेट छापण्याचे प्रयत्न सुरू आहेत, त्यात गरम पाण्यात बुडवल्यावर मूळ आकारात परतणाऱ्या रेझिनचाही वापर होतो. तंत्र रोचक आहे, पण ते बाल्यावस्थेत आहे.

रंकाळाकाठी

भट्टीवाले साहेबांनी जोराचा मुद्दा छान सांगितला, त्याला हाडाची बाजू जोडतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पापुद्रा असतो. दाताला एका दिशेने हलका जोर दिला की दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात आणि ताणाच्या बाजूला नवे हाड घालणाऱ्या. जोर वाढवला तर दाबाच्या बाजूचा रक्तपुरवठाच तुटतो, तेवढ्या भागातल्या पेशी मरतात आणि दात उलट काही आठवडे जागचा हलत नाही, शिवाय मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीनेच सरकतो, मग साधन कितीही महाग असो.

ही गती वाढवण्याचे दावे मात्र पुष्कळ होतात. दातांत धरायची थरथरणारी यंत्रे आली, त्यांच्यावरच्या नीट आखलेल्या चाचण्यांत उपचाराचा काळ कमी झाल्याचे दिसले नाही. हाडात बारीक छिद्रे पाडण्याचेही तसेच, थोडाफार परिणाम झाला तरी तो टिकत नाही. तार धरायला स्वतःचीच झडप असलेल्या ब्रेसेसमुळे महिने वाचतात, असेही सांगितले जाते, पण तसा पुरावा नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत खरा फरक कशाने पडला असे मला विचाराल तर मी मिनी-स्क्रूचे नाव घेईन, अलायनरचे नव्हे. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा हा टायटॅनियमचा स्क्रू हिरडी बधिर करून काही मिनिटांत हाडात बसवता येतो आणि काम झाले की काढून टाकता येतो. पूर्वी पुढचे दात मागे ओढताना मागच्या दाढाही पुढे येत आणि कमावलेली जागा वाया जाई. ते रोखायला मुलांना डोक्याभोवती पट्टा बांधावा लागे, जो घरी कोणीच घालत नसे. आता ओढीचा सगळा भार स्क्रू घेतो. काही स्क्रू सैल होतात, तेव्हा शेजारी दुसरा बसवायचा. सीमारेषेवरच्या काही रुग्णांमध्ये दाढा मागे सरकवून उपदाढा वाचवता येतात, त्याही याच्याच जोरावर. अर्थात दाढेमागच्या हाडात तेवढी जागा असेल आणि अक्कलदाढ आड येत नसेल तर.

मुलुंड पूर्व

मी मोठेपणी अलायनरने दात सरळ करून घेतले आणि समाधानी आहे, पण तेरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना एक व्यावहारिक गोष्ट कोणी सांगत नाही. हे साधन दिवसातून वीस ते बावीस तास तोंडात हवे. पाणी सोडून काहीही खाता-पिताना ते काढायचे, मग दात घासून परत घालायचे. आपल्याकडे चहा किती वेळा होतो ते पाहा, त्यात शाळेचा डबा, क्लास आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणीने पुढे केलेली चिंच. अलायनर काढून कागदी रुमालात गुंडाळला आणि तो रुमालच कचऱ्यात गेला, हा प्रकार सगळीकडे होतो. शिवाय अलायनर अगदी अदृश्य असतो असेही नाही. दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, ते जवळून दिसतात. शिस्तीच्या मुलीला जमेल, पण तिला विचारून ठरवा.

आणखी एक सावधगिरी. माझ्या चुलत भावाने घरपोच अलायनर देणाऱ्या एका कंपनीकडून संच मागवला होता. माप त्याने घरीच घेतले, एक्स-रे कोणी मागितलाच नाही, आणि हिरडीचा आजार असलेले दात त्याच अवस्थेत सरकवले गेले. शेवटी दोन दात हलू लागल्यावर तो डॉक्टरकडे गेला. अमेरिकेत या पद्धतीने चालणारी सर्वांत नावाजलेली कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना इतरत्र उपचार शोधावे लागले. प्रत्यक्ष तपासणीशिवाय मिळणारी स्वस्ताई मला तरी महाग वाटते.

टेम्सकाठचा

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथे अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी आरोग्यसेवेतून ब्रेसेस मोफत मिळतात, पण सरसकट नाही. १९८९ साली तयार झालेल्या एका निर्देशांकानुसार दातांना एक ते पाच अशी श्रेणी देतात. चौथ्या आणि पाचव्या श्रेणीला उपचार मिळतो, तिसरीत दिसण्यातला दोष ठळक असेल तरच, आणि पहिल्या दोन श्रेणींना मिळत नाही. वरचे दात खालच्यांपेक्षा सहा मिलिमीटरहून अधिक पुढे असतील तर चौथी श्रेणी, नऊहून अधिक तर पाचवी. शेजारचे दोन दात एकमेकांपासून चार मिलिमीटरहून अधिक सरकलेले असतील तर चौथी. आमच्या मुलाचे मोजमाप तिसरीतही बसले नाही, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितले की हे दात जन्मभर असेच राहिले तरी बिघडत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना उपचार कोणता हा प्रश्न लगेच येतो, गरज किती हा प्रश्न येतच नाही. तुमच्या वर्णनावरून सुळे बरेच बाहेर असावेत आणि हिरडीतून रक्तही येते, त्यामुळे गरज आहे असे दिसते. पण तुमच्या डॉक्टरांनाही ही श्रेणी काढायला सांगता येईल, पट्टी लावून मोजण्याचेच काम आहे. आणि वरचे दात फार पुढे असलेल्या मुलांना खेळताना पडून दात तुटण्याचा धोका अधिक असतो, तो मुद्दाही विचारात घ्या.

अजिंक्यतारा

सर्वांचे मनापासून आभार. इथले प्रश्न एका कागदावर उतरवून आम्ही पुन्हा दोन्हीकडे जाऊन आलो. साताऱ्याच्या डॉक्टरांनी जागेची तूट वर नऊ आणि खाली सात मिलिमीटर असल्याचे दाखवले, मानेच्या मणक्यांवरून वाढीचा मुख्य जोर होऊन गेल्याचे सांगितले, आणि जबड्यांचा परस्परसंबंध ठीक असून दोष दातांच्या कलाचा आहे, असे त्यांचे निदान आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तूट जवळपास तेवढीच सांगितली; एवढी जागा निर्माण करताना खालचे पुढचे दात किती पुढे झुकतील, असे विचारल्यावर मात्र त्यांनी योजना पुन्हा तपासतो असे म्हटले आणि दोन दिवसांनी फोन करून फक्त वरच्या दोन उपदाढा काढण्याचा पर्याय सुचवला. मुलीला विचारले तर तिला रंगीत रबरांच्या ब्रेसेस हव्या आहेत, वर्गात तिघींना आहेत म्हणे.

आता दोन उपप्रश्न. माझ्या बहिणीच्या मुलालाही उपचार हवे आहेत, पण तिची परिस्थिती बेताची आहे. सरकारी सोय कुठे आहे का? आणि माझे वय बेचाळीस आहे, गेल्या काही वर्षांत माझेच खालचे दात दाटीवाटीने वाकडे होऊ लागले आहेत. हे अक्कलदाढेमुळे होते का?

एमडीएस द्वितीय वर्ष

पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर मी देते, मी दंत महाविद्यालयात याच विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, या ठिकाणी ऑर्थोडॉन्टिक विभागात खाजगी दवाखान्याच्या मानाने पुष्कळ कमी शुल्कात ब्रेसेसचे उपचार होतात. खाजगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्यापेक्षा कमी असतात. उपचार विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्प्यावर प्राध्यापक तपासतात, आणि एकेका रुग्णाला मिळणारा वेळ उलट अधिक असतो. अडचण अशी की प्रतीक्षायादी असते, दर महिन्याला कामाच्या दिवशी सकाळी यावे लागते, आणि आमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्यामुळे उपचार लांबला तर मधेच विद्यार्थी बदलतो. नोंदणी वर्षाच्या सुरुवातीला, नवे विद्यार्थी रुजू होतात तेव्हा केली तर हा बदल बहुधा टळतो.

रंकाळाकाठी

ताई, खालचे पुढचे दात वयानुसार दाटी करू लागतात, ज्यांनी कधी उपचार घेतले नाहीत त्यांचेही. अक्कलदाढा काढलेल्यांमध्येही हे होते, त्यामुळे केवळ एवढ्यासाठी अक्कलदाढ काढू नका. वयाचा अडसर नाही, हाड आणि हिरडी निरोगी असली की बेचाळिशीतही दात सरकतात. फक्त आधी हिरड्या तपासून घ्या, कारण दात अचानक सरकू लागणे हे कधी कधी हाड झिजल्याचेही लक्षण असते. थोडीशीच दाटी असेल तर तुमच्यासाठी अलायनर चांगला पर्याय आहे.

मुलीबद्दल: फक्त वरच्या दोन उपदाढा काढण्याची योजना काही रुग्णांत योग्य असते, पण मग मागच्या दाढांचा चावा कसा बसेल आणि खालची सात मिलिमीटर तूट कशी भरून काढणार, हे पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर दाखवले पाहिजे. ते समाधानकारक वाटले नाही, तर साताऱ्याचे निदान तुम्ही दिलेल्या आकड्यांशी सुसंगत आहे, एवढे म्हणता येईल.

ब्रेसेस लावल्या तर तिच्या दातांवर चौकोनाभोवती खडूसारखे पांढरे डाग पडू नयेत म्हणून फ्लोराइडची टूथपेस्ट आणि प्रत्येक खाण्यानंतर ब्रश, याला पर्याय नाही. चिक्की, कडक पेरू आणि मक्याचे कणीस दातांनी तोडणे बंद. साताऱ्याचा कंदी पेढा चालेल, पण नुसती चूळ भरून भागणार नाही.

आणि ब्रेसेस निघाल्यानंतरचे आताच ठरवा. हिरडीतले लवचीक तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभर घेतात, तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि त्यानंतरही वयाची दाटी आहेच. म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवतात आणि वर रात्री घालायचा रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) देतात, तो वर्षानुवर्षे वापरायचा असतो. रिटेनर हरवतो, तडकतो, वाढत्या वयात नवा करावा लागतो. दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या रकमेत पहिला रिटेनर धरला आहे का आणि बदलायचा झाल्यास किती आकारणार, हे लेखी घ्या, कारण अंदाजपत्रकात ही ओळ बहुतेक वेळा नसते.